त्सुबामेतले दहा कामाचे दिवस

रविवार, २१ जुलै २०२४

उरासा स्थानकाबाहेर जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांचा पुतळा एक हात वर करून उभा आहे. या बर्फाळ डोंगरी भागात शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आली ती त्यांच्यामुळे, असे इथली माणसे आजही सांगतात, आणि भातखाचरांच्या मधोमध उभे असलेले ते भले मोठे स्थानक पाहिले की ते पटतेही. जोएत्सु शिन्कान्सेन १९८२ साली सुरू झाली. त्याच वर्षी या गावाजवळ इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ जपान हे इंग्रजी माध्यमाचे पदव्युत्तर विद्यापीठ स्थापन झाले. तिथल्या एमबीएचे पहिले वर्ष संपवून, एक बॅग आणि शंभर व्हिजिटिंग कार्डे घेऊन मी आज दुपारी त्सुबामेला निघाले. काटे-चमचे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात उद्यापासून दहा कामाचे दिवस माझी इंटर्नशिप आहे.

दहा दिवस ऐकून पुण्याच्या मैत्रिणींना हसू आले. चाकणला मी तीन वर्षे ज्या कंपनीत काम केले तिथे इंटर्न सहा-सहा महिने असत. जपानमध्ये मात्र अलीकडेपर्यंत एका दिवसाच्या इंटर्नशिपचीही पद्धत होती: सकाळी कंपनीची माहिती, दुपारी गटचर्चा आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी. २०२२ साली शिक्षण, श्रम आणि उद्योग या तीन मंत्रालयांनी मिळून हे धोरण सुधारले. आता 'इंटर्नशिप' हे नाव लावायचे तर ती किमान पाच दिवसांची, आणि विशेष ज्ञानाची असेल तर किमान दोन आठवड्यांची हवी, शिवाय त्यातले निम्म्याहून अधिक दिवस प्रत्यक्ष कामाच्या जागी गेले पाहिजेत. अशा इंटर्नशिपमध्ये विद्यार्थ्याविषयी जे कळेल ते पुढे नोकरभरतीत वापरण्याची मुभाही कंपन्यांना मिळाली. थोडक्यात, ही दोन आठवडे चालणारी मुलाखत आहे आणि ती तशी आहे हे कोणीही तोंडाने म्हणणार नाही.

कंपनी रोजचा भत्ता देणार असल्याने परवानगीचा प्रश्न होता. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येते आणि तेही रहिवासी कार्डाच्या मागे तसा शिक्का असेल तर. मोठ्या सुट्टीत ही मर्यादा दिवसाला ८ तासांपर्यंत वाढते. परदेशी विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिप उन्हाळ्यात एकवटतात याचे हेही एक कारण आहे.

गाडीने अर्ध्या तासाच्या आत त्सुबामे-सान्जोला उतरवले. त्सुबामे आणि सान्जो ही शेजारची दोन गावे. एक काट्या-चमच्यांचे, दुसरे सुऱ्या आणि हत्यारांचे. दोघांमध्ये जुनी चुरस आहे. स्थानकाच्या नावात त्सुबामे पहिले, तर महामार्गाच्या नाक्याच्या नावात सान्जो पहिले, असा तोल सांभाळला गेला. आपल्याकडे अशा वादात एखादी समिती दहा वर्षे बसली असती.

सोमवार, २२ जुलै

आठ वाजता चोरेई, म्हणजे सकाळची उभ्याने होणारी सभा. त्याआधी रेडिओ ताइसो, १९२८ पासून चालत आलेली ती पियानोच्या सुरावरची कवायत. अडतीस कर्मचारी प्रेस मशीनच्या मधल्या वाटेत उभे राहून हात फिरवत होते आणि त्यांतले निम्मे तरी माझ्या वडिलांच्या वयाचे होते.

मग ओळख झाली. माझ्या आडनावात 'ळ' आहे. जपानीत 'ल' आणि 'र' यांच्यातच फरक नाही, तिथे 'ळ'ला कोण विचारतो? काताकाना लिपीत त्याचा 'र' झाला आणि पुढचे दोन आठवडे मी त्या नव्या आडनावानेच वावरले. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचे, घेतलेले कार्ड लगेच खिशात न घालता टेबलावर समोर ठेवायचे, हे वर्गात घोकून घेतले होते. शाचोंनी, म्हणजे कंपनीच्या अध्यक्षांनी, माझे कार्ड चष्मा कपाळावर चढवून पुरते वाचले आणि विचारले, "पुणे समुद्रापासून किती लांब आहे?" घाटाचे जपानी मला काही जमले नाही.

माझे काम असे ठरले: निर्यातीची डॉलरमधली दरपत्रिका नव्याने तयार करणे, परदेशी ग्राहकांच्या इंग्रजी पत्रांच्या उत्तरांचे मसुदे करणे आणि शेवटच्या दिवशी परदेशी विक्री वाढवण्याविषयी सादरीकरण करणे. शिवाय रोज संध्याकाळी निप्पो, म्हणजे दिवसाचा अहवाल. एका पानावर चार रकाने: आज केलेले काम, आज समजलेले, अडचणी, उद्याचे काम. आज 'अडचणी'च्या रकान्यात मी "काही नाही" असे लिहिले. काचोंनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, ते वाचून कागद परत दिला. अडचण नाही असा दिवस नसतो, असे ते अगदी मृदूपणे म्हणाले. बऱ्याच विचारानंतर मी लिहिले, "कारखान्यातल्या चपला मला दोन मापे मोठ्या आहेत." दुसऱ्या दिवशी माझ्या कप्प्यात लहान मापाच्या चपला होत्या.

मंगळवार, २३ जुलै

आज दिवसभर गेनबा, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम होते ती जागा. कार्यालयातल्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात एक दिवस तिथे काढायचाच, असा इथला दंडक आहे.

स्टेनलेस पोलादाचा पत्रा येतो, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचा, म्हणून त्याला अठरा-आठ म्हणतात. त्यातून आधी चपटा आकार कापून काढतात, रोलरखाली त्याचे एक टोक पातळ करतात, मग प्रेसखाली काट्याचे दात पाडतात, आणि साच्यात दाबून त्याला बाक देतात. प्रेसच्या एका ठोक्यात बाक येतो. दुपारपर्यंत मी निळ्या क्रेटमध्ये काटे मोजून भरत होते. गोड पदार्थांसोबत द्यायचे छोटे काटे चार हजारांच्या वर रचलेले होते, सगळे करडे आणि धारेला खरखरीत. इथे बफिंगचे, म्हणजे घासून चकाकी आणण्याचे, मशीन कुठे आहे, असे विचारल्यावर प्रेसवरच्या काकांनी खिडकीबाहेर गावाच्या दिशेने हात केला. मला वाटले, विषय बदलला.

'फाइव्ह एस'ची, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीची, पाटी चाकणलाही होती, मराठीत भाषांतर करून, लॅमिनेट करून, हार घालून. इथे पाटी नव्हती. पान्यांच्या फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली होती आणि एक जागा रिकामी दिसताच तीन माणसे आपापले खिसे चाचपू लागली.

बुधवार, २४ जुलै

उन्हाळ्यातला वामचा दिवस. आज वाम खाल्ली की उकाडा बाधत नाही, असे म्हणतात. शाचोंनी सगळ्यांसाठी वामचे डबे मागवले. मासा मला चालतो. उकाडा तरीही बाधला. दरपत्रिकेचे काम सुरू केले, डॉलरला १५५ येन धरून.

गुरुवार, २५ जुलै

आज माझ्या हातून चूक झाली आणि ती सविस्तर लिहायला हवी.

सिंगापूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याचे पत्र होते: छोटे काटे ३,०००, ऑगस्टअखेर मिळतील का? मंगळवारी मी स्वतः चार हजार मोजले होते. पॉलिश तेवढे राहिले आहे, हातात पाच आठवडे आहेत, मग अडचण कसली? काचो बाहेर गेले होते. ग्राहकाला ताबडतोब उत्तर देणे ही चाकणला हुशारी मानली जात असे. मी लिहिले, "होय, शक्य आहे", आणि मसुदा म्हणून ठेवण्याऐवजी पाठवून दिले.

तीन वाजता काचो परतले. मी अभिमानाने सांगितले. ते काही क्षण गप्प राहिले, मग त्यांनी टोपी उचलली आणि म्हणाले, "चला, माफी मागायला जाऊ." मला वाटले, ग्राहकाची. त्यांनी गाडी गावात घेतली.

वाटेत त्यांनी होरेनसो समजावले: होकोकु म्हणजे झालेले सांगणे, रेन्राकु म्हणजे संबंधितांना कळवणे, सोदान म्हणजे आधी विचारणे. या तिघांची पहिली अक्षरे जोडली की पालक या भाजीचे नाव होते, त्यामुळे हा शब्द नव्या कर्मचाऱ्याच्या डोक्यातून सहसा जात नाही. वर्गात आम्ही त्यावर चाचणीही दिली होती आणि मला दहापैकी दहा मिळाले होते.

गाडी एका साध्या घरासमोर थांबली. अंगणात टोमॅटो, शेजारी पत्र्याची शेड. आत सत्तरी ओलांडलेले एक आजोबा लाकडी ठोकळ्यावर बसून, फिरणाऱ्या चाकाला काटा लावत होते. अंगठ्यांवर कापडाच्या पट्ट्या, नाकापासून हनुवटीपर्यंत काळा थर. मागे त्यांच्या पत्नी तयार काटे पुसून वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मग कळले की त्सुबामेत काटा एका छताखाली तयार होत नाही. कापणारा एक, दाबणारा दुसरा, आणि बफिंग गावभर विखुरलेल्या अशा शेडमध्ये. आयपॉडची आरशासारखी चकचकीत पाठ याच गावातल्या बफिंगवाल्यांनी उजळली होती. २००३ साली इथल्या कारागिरांनी एकत्र येऊन बाहेरची कामे मिळून घेण्यासाठी गटही बांधला. पण आमच्या छोट्या काट्याच्या दातांमधल्या फटी साफ करणारे घर, कंपनीच्या लेखी, हे एकच होते.

काचो कमरेत वाकले. मीही वाकले. आजोबांनी मशीन बंद केले, माझ्याकडे पाहिले आणि काहीच न बोलता एक पूर्ण झालेला काटा हातात दिला. फटीतून नख फिरवून बघ, अशी खूण केली. नख कुठेही अडले नाही. मग क्रेटमधला करडा काटा दिला. तिथे नख प्रत्येक फटीत अडले. एक काटा पूर्ण व्हायला किती वेळा चाकाला लागतो ते मी मोजू लागले आणि वीसनंतर माझा आकडा चुकला.

"मुझुकाशी नेए," ते भिंतीवरचे कॅलेंडर पाहत म्हणाले. कठीण आहे. जपानीत 'कठीण आहे' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. दिवसाला दोनशे, त्यात दुसऱ्यांची कामे, त्यात ओबोनची सुट्टी. ऑगस्टच्या मध्यावर पूर्वजांसाठी घरी जाण्याचे ते दिवस असतात आणि त्या आठवड्यात शेड बंद असते. त्यांच्या पत्नींनी आतून कलिंगडाच्या फोडी आणल्या. त्या खाऊन होईपर्यंत ठरले: ऑगस्टअखेर १,५००, उरलेले सप्टेंबरअखेर.

परतल्यावर काचोंनी ग्राहकाला स्वतःच्या नावाने पत्र लिहिले. माझा उल्लेख त्यात नव्हता. रात्री मी निप्पो लिहायला बसले आणि 'अडचणी'चा रकाना पानाच्या मागच्या बाजूपर्यंत गेला.

शुक्रवार, २६ जुलै

काचो आणि आणखी दोघे कामानंतर रामेन खायला घेऊन गेले. इथल्या रामेनमध्ये नूडल्स जाड असतात आणि वर डुकराच्या चरबीचे पांढरे थेंब दाट पसरलेले असतात. रात्रपाळीतल्या कामगारांकडे कारखान्यात वाडगे पोहोचवावे लागत. वाटेत रस्सा निवू नये म्हणून चरबीचा थर आणि नूडल्सचा लगदा होऊ नये म्हणून त्यांची जाडी. वितरणाच्या अडचणीतून पदार्थ घडल्याचे इतके नेमके उदाहरण आमच्या मार्केटिंगच्या पुस्तकात नाही. मी डुकराचे मांस खात नसल्याने समोर बसून भात आणि लोणचे खाल्ले, आणि गुरुवारविषयी कोणी एक शब्दही काढला नाही.

शनिवार आणि रविवार, २७-२८ जुलै

त्सुबामेचे औद्योगिक संग्रहालय पाहिले. शिनानो नदीच्या पुरांनी शेती बेभरवशाची झाली, म्हणून एदो काळात इथले शेतकरी जोडधंदा म्हणून खिळे घडवू लागले. नदीचे पाणी समुद्राकडे वळवणारा ओकोझू कालवा १९२२ साली वाहता झाला, पण तोवर गाव धातूचेच झाले होते. मेइजी काळात पाश्चात्त्य पद्धतीच्या खिळ्यांनी त्यांचा धंदा बुडवला, तेव्हा ते तांब्याची भांडी आणि तंबाखूच्या नळ्या यांकडे वळले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास परदेशातून काट्या-चमच्यांची मागणी आली. आज जपानमध्ये तयार होणाऱ्या धातूच्या काट्या-चमच्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक इथले असतात, आणि १९९१ पासून नोबेलच्या मेजवानीत मांडले जाणारेही इथल्याच एका कंपनीचे.

मी मात्र तांब्यापाशी अडकले. त्सुइकी म्हणजे तांब्याचा एकच सपाट पत्रा तापवून, ठोकून, पुन्हा तापवून, पुन्हा ठोकून त्याची किटली करायची, कुठेही सांधा नाही. त्सुबामेतले ग्योकुसेन्दो हे घराणे १८१६ पासून हे करत आले आहे. माझे आजोळ पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी. पेशवाईत वसलेल्या त्या आळीत मठारकामाचा ठोका ऐकतच आमच्या सुट्ट्या जात. त्या किटल्यांच्या अंगावरचे ओळीने पडलेले ठोके पाहून मी तिथूनच आजोबांना फोन लावला.

"आजोबा, इथेही मठारलेली भांडी आहेत, आपल्या बंबासारखी."

"अगं, मग आतून कल्हई कोण करतं त्यांना? कल्हईवाला येतो का तिकडे?"

संग्रहालयातल्या बाईंना मी विचारले. आतून कथिलाचा मुलामा देतात, असे त्या म्हणाल्या. आजोबांना कळवले. त्यांचे समाधान झाले.

सोमवार आणि मंगळवार, २९-३० जुलै

सादरीकरण मोडून पुन्हा बांधले. पहिल्या आराखड्यात तीन नवे देश होते आणि विक्री दुप्पट करणारा एक वर चढणारा आलेख. तो पाहताना मला सारखी ती शेड दिसू लागली. बाजारपेठ आहेच, दिवसाला दोनशे काटे ही खरी मर्यादा आहे, आणि ते करणाऱ्याचे वय सत्तरीपुढचे. म्हणून उलटे मांडले: नवे देश नकोत, आहेत त्याच ग्राहकांना जास्त मुदत सांगायची, दर वाढवायचा, आणि त्या वाढीतला ठरावीक वाटा बफिंगच्या मजुरीत घालायचा, म्हणजे एखादा तरुण त्या शेडमध्ये शिकायला बसेल. हे केल्याने विक्रीची रेषा जवळजवळ आडवी होते. एमबीएच्या विद्यार्थिनीने आडवी रेषा दाखवायची म्हणजे धाडसच.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत माझी व्हिएतनामी वर्गमैत्रीण भेटायला आली. तिची इंटर्नशिप सान्जोत आहे. तिथे तिला पहिल्या दिवशी थेट मशीनवर उभे केले होते, कारण व्हिएतनामी तरुणी म्हणजे गिनो जिस्शूसेई, तांत्रिक प्रशिक्षणार्थी, असे फोरमनने गृहीत धरले. इंग्रजीत अशा प्रशिक्षणार्थींनाही आणि आम्हालाही इंटर्न म्हणतात. पण १९९३ पासून चालू असलेल्या त्या योजनेतली मुले प्रशिक्षणाच्या नावाखाली वर्षानुवर्षे मजुरी करतात आणि मालक पटला नाही तरी सहसा बदलू शकत नाहीत. गेल्या महिन्यात संसदेने ही योजना बंद करून नवी आणण्याचा कायदा संमत केला आहे. मैत्रिणीविषयीचा गैरसमज अर्ध्या तासात दूर झाला आणि तिला खुर्ची मिळाली. ती म्हणाली, "मी उठले तेव्हा शेजारच्या मशीनवर माझ्याच गावाकडची मुलगी होती. ती उठली नाही." आम्ही दोघींनी डबे तसेच बंद केले.

बुधवार, ३१ जुलै

दरपत्रिका पूर्ण. काचोंनी प्रत्येक ओळ पट्टी ठेवून तपासली. दुपारी बँक ऑफ जपानने व्याजदर ०.२५ टक्क्यांपर्यंत वाढवल्याची बातमी आली. लेखा विभागातल्या बाईंनी रेडिओचा आवाज वाढवला आणि माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

गुरुवार, १ ऑगस्ट

अर्थ कळला. व्याजदर वाढल्याने येन वधारला आणि डॉलर १५० येनच्या खाली उतरला. मी १५५ धरून मांडलेला प्रत्येक दर आता तोट्याकडे झुकत होता. आदल्या आठवड्यातली मी असते तर रात्रभर बसून नवे दर काढले असते. या वेळी आधी काचोंच्या टेबलाशी गेले आणि विचारले. त्यांनी खुर्ची ओढून दिली. आम्ही एकच दर देण्याऐवजी तीन रकाने केले, १४०, १४५ आणि १५० चे, आणि वर ओळ घातली की हे दर ३० दिवसांसाठीच आहेत.

शुक्रवार, २ ऑगस्ट

सादरीकरणाला वीस मिनिटे. जपानीत सुरुवात केली, मध्ये इंग्रजी, शेवट पुन्हा जपानीत. आडवी रेषा पडद्यावर आली तेव्हा विक्री विभागातल्या एकाने घसा खाकरला. शाचोंनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, मुदत वाढवली म्हणून किती ग्राहक सोडून जातील? मी म्हणाले, दोन तरी. दुसरा, बफिंग शिकायला किती वर्षे लागतात हे तुम्ही त्यांना विचारले का? मी विचारले नव्हते. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतले. सोदान कमी पडले, हे मला त्यांनी सांगण्याआधीच कळले.

निघताना त्यांनी विचारले, जुलैत दिलेल्या जपानी भाषा परीक्षेचा निकाल कधी? "या महिन्यात," मी म्हणाले. "कळवा," ते म्हणाले. नोकरीविषयी याहून अधिक कोणी बोलले नाही. काचोंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी हातात ठेवले: छोटा काटा, त्याचा एक दात केसभर वाकडा. आजोबांनी बाजूला काढलेला, विकता न येणारा, पण फटींमधून नख अजूनही कुठे अडत नाही.

परतीची शिन्कान्सेन युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, घातलेल्या मुलींनी, चटया आणि पंखे घेतलेल्या कुटुंबांनी खच्चून भरली होती. आज आणि उद्या नागाओकाची आतषबाजी. १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात ते शहर जळाले, त्या मृतांच्या स्मरणाशी जोडलेली. नागाओकाला सारा डबा उतरला आणि मला खिडकीजवळ जागा मिळाली.

शेवटचा निप्पो बाकी होता. तीन रकाने झटकन भरले. 'उद्याचे काम' या रकान्याशी थांबले, कारण उद्या माझे तिथे काम नव्हते. उरासा येण्याआधी लिहिले: "सोमवारी शेडमधून पहिले ३०० काटे येतील. मोजून घेणे, आणि सिंगापूरला कळवण्याआधी काचोंना विचारणे."